डेंग्यूचं कार्ड ‘निगेटिव्ह’ आलं तरी गाफील राहू नका

कडोली : पावसाळ्यात अंग मोडून ताप आला, डोळ्यांच्या मागे दुखू लागलं की घरात पहिला विषय निघतो तो डेंग्यूचा. कडोलीहून माणूस बेळगावला जातो, लॅबमध्ये रक्त देतो आणि पंधरा-वीस मिनिटांच्या रॅपिड टेस्टचा रिपोर्ट घेऊन परततो. ‘निगेटिव्ह’ आलं की सुटलो, असं वाटतं. पण दर वेळी तसं नसतं.

कार्ड काय सांगतं?

‘एनएस-१’ हा विषाणूचाच अंश. तो तापाच्या पहिल्या पाच दिवसांत रक्तात चांगला सापडतो. ‘आयजीएम’ ही शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं. ती साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. ‘आयजीजी’ मात्र पूर्वी होऊन गेलेल्या डेंग्यूमुळेही दिसू शकते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी नुसतं आयजीएम पाहिलं किंवा दहाव्या दिवशी नुसतं एनएस-१ पाहिलं, तर डेंग्यू असूनही तो निसटतो.

खरी अडचण दुसऱ्यांदा डेंग्यू होणाऱ्यांची. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा आजार होऊन गेलेल्याच्या रक्तातली जुनी प्रतिपिंडं एनएस-१ला चिकटून बसतात आणि कार्डला तो सापडत नाही. आणि दुसऱ्या खेपेचा डेंग्यूच जास्त गंभीर होण्याची भीती असते.

सुधारणा कुठे हवी?

राष्ट्रीय कार्यक्रमात रॅपिड कार्डचा पॉझिटिव्ह रिपोर्ट पक्का धरत नाहीत. त्यासाठी एलायझा चाचणी लागते. आयजीएम एलायझाचं किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तयार केलं आहे. पण एलायझाला प्रयोगशाळा, यंत्र आणि काही तास लागतात. पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबावंही लागतं. खेड्यातल्या रुग्णाला कार्डच जवळचं. म्हणून एनएस-१ आणि आयजीएम एकत्र पाहणारी कार्डं वापरणं, किट उन्हात न ठेवणं, ठरलेल्या वेळेतच रेषा वाचणं आणि शंका आली तर नमुना एलायझाला पाठवणं, एवढं केलं तरी बरीच चूक टळते.

दर किती?

जुलै २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने खासगी लॅबचे दर बांधून दिले : रॅपिड टेस्ट २५० रुपये, एनएस-१ एलायझा ३०० आणि आयजीएम एलायझा ३०० रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याने डेंग्यूला साथरोग म्हणून जाहीर केलं.

घरच्यांनी काय करायचं?

ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. चाचणी कोणती करायची ते त्यावरच ठरतं. पूर्वी डेंग्यू झाला असेल तर तेही सांगा. मनाने अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला म्हणजे धोका टळला असंही नाही. बऱ्याचदा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरतानाच प्रकृती बिघडते. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांपैकी काहीही दिसलं तर कार्ड काहीही म्हणो, तडक दवाखाना गाठा.

आणि नळाला पाणी रोज येत नसेल तर भरून ठेवलेली बॅरलं झाका, आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. डास तिथेच वाढतात.