शिंपी की खलाशी?

अमेरिकेच्या जुन्या खानेसुमारीत पूर्वज शोधताना नाव, वय, जन्मस्थळ हळूहळू जुळत जाते आणि गाडी अडते ती धंद्याच्या रकान्यात. रकाना अरुंद, प्रगणक घाईत, शब्द अर्ध्यावर तोडलेला. त्या काळच्या वळणदार इंग्रजी अक्षरात मोठा टी आणि मोठा एस इतके सारखे निघतात, की पणजोबा ‘टेलर’ होते की ‘सेलर’, शिंपी की खलाशी, हेच कळत नाही. एस आणि एलचेही तसेच. ‘सॉयर’ लाकूड कापतो, ‘लॉयर’ कोर्टात उभा राहतो. घराण्यात एखादा वकील असावा असे सगळ्यांनाच वाटते, त्यामुळे वाचन कुठे झुकते ते सांगायला नको.

यावरचा उपाय त्याच पानावर असतो. १८५० पासूनच्या पत्रकांत जन्मस्थळ लिहिलेले आहे आणि राज्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात. टेनेसीचा टी, साउथ कॅरोलिनाचा एस, लुइझियानाचा एल त्या प्रगणकाने कसा काढला ते आधी पाहायचे आणि मग वादातला शब्द त्याशेजारी ठेवायचा. मोडी वाचणाराही कागदावर तुटून पडण्याआधी लिहिणाऱ्याचे वळण ओळखून घेतो.

एक अडचण मात्र उरते. १८५० ते १८७० च्या पत्रकांच्या तीन प्रती होत: एक जिल्ह्याला, एक राज्याला, एक वॉशिंग्टनला. आज पडद्यावर दिसणारी बहुधा वॉशिंग्टनची, म्हणजे अक्षर नकलनविसाचेही असू शकते. त्यानेच शिंप्याला समुद्रात ढकलले असेल, तर अक्षर कितीही निरखून उपयोग नाही. तिथे बाहेरचा पुरावा लागतो. १८५० ते १८८० च्या गणनांत शेतीची पत्रके वेगळी भरत. त्यात माणसाचे नाव, एकर आणि जनावरे सापडली, तर कातडी कमावणारा ‘टॅनर’ वाटलेला इसम बहुधा ‘फार्मर’ निघतो. शहरवासीयांसाठी गावोगावच्या छापील डिरेक्टऱ्या आहेत. त्यांत नावापुढे धंदा असतो.

अक्षर लागले तरी अर्थ लागतोच असे नाही, कारण काय लिहायचे याचेही नियम होते. १८७० च्या सूचनांनुसार घर सांभाळणाऱ्या बाईपुढे ‘कीपिंग हाउस’ लिहायचे. ‘हाउसकीपर’ हा शब्द पगारी बाईसाठी राखीव. आईला हातभार लावणाऱ्या मोठ्या मुलींना धंदाच नाही. लहान दुकानात अख्खा जोडा शिवणाराच ‘शूमेकर’. कारखान्यातला कामगार असेल तर तसे लिहायचे. पूर्वजांच्या कष्टांचा अंदाज या रकान्यावरून बांधताना, विशेषतः बायकांच्या, ही मेख ध्यानात ठेवावी.

सर्वांत जपून वाचायचे पान १८७० चे. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची पत्रके स्वतंत्र होती: मालकाचे नाव, गुलामाचे वय, लिंग, वर्ण, त्याचे स्वतःचे नाव सहसा नाही आणि धंद्याचा रकानाच नाही. जन्मभर सुतारकी केलेल्या अशा माणसाच्या नावासमोर ‘कार्पेंटर’ हा शब्द संघराज्याच्या खानेसुमारीत पहिल्यांदा १८७० मध्ये पडू शकला. तिथे एक अक्षर चुकीचे लावले, तर त्याच्या वंशजांच्या हाती दुसरेच आयुष्य पडते.

१८८० नंतरचा दुवा १८९० चा, तर त्याची बहुतेक पाने १९२१ च्या आगीत आणि नंतरच्या हेळसांडीत गेली. १९१० पासून धंद्याशेजारी उद्योगही विचारू लागले, त्यामुळे काम सोपे होते. १९३० च्या पत्रकात तर कचेरीने भरायचा सांकेतिक क्रमांकाचा रकाना आहे. तेच अक्षर वॉशिंग्टनच्या कारकुनाने काय वाचले, ते त्यावरून कळते. अर्थात तोही चुकू शकतो.

आपली माणसे या चाळणीतून बरीच निसटली. आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६, पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८, बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६: तिघेही दोन गणनांच्या मधल्या काळात अमेरिकेत राहून गेले. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मात्र १९११ मध्ये कॉर्नेलची पीएच.डी. मिळवली; कॉर्नेलच्या इथाका गावच्या १९१० च्या पानांत त्यांना धुंडाळायला हरकत नाही. त्यानंतरच्या काळात शोधणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे: १९२० ते १९४० च्या गणनांत ‘हिंदू’ ही नोंद वंशाच्या रकान्यात आहे, आणि कॅलिफोर्नियातले शीख शेतकरीही तिच्यातच बसवलेले आहेत.

पत्रके बहात्तर वर्षांनी खुली होतात. १९५० ची पाने १ एप्रिल २०२२ ला उघडली, तेव्हा नावांची पहिली सूची हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्राने केली होती. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेली मराठी कुटुंबे १९७० च्या गणनेत असतील. ती पाने उघडायची २०४२ मध्ये. १९७० पर्यंत टपालाने आलेला फॉर्म लोक घरीच भरू लागले होते, तेव्हा अक्षर खुद्द आजोबांचेही असू शकेल. पण धंद्याचा प्रश्न त्या वर्षी पाचांतल्या एकाच घराला विचारला होता. बाकीच्या चौघांच्या नातवंडांना आजोबांच्या नोकरीची जुनी पत्रेच शोधावी लागतील.