शारद चांदणे, कोजागरीचे दूध आणि तमकश्वासाचा रुग्ण

आश्विनी पौर्णिमा जवळ आली की चिकित्सालयांत व औषधी दुकानांत एक पृच्छा हमखास होऊ लागते: “कोजागरीच्या रात्री चांदण्यात ठेवून घ्यावयाचे दम्याचे औषध आपल्याकडे मिळेल काय?” चित्रकूट येथे शरद पौर्णिमेच्या रात्री खिरीतून असे औषध देण्याची प्रथा सर्वश्रुत आहे आणि तिचे अनुकरण ठिकठिकाणी शिबिरे भरवून होत असते. या प्रथेस ग्रंथाधार आहे, असे आपल्यापैकीही काही वैद्य रुग्णांस सांगतात. हा आधार नेमका कशास आहे, हे मूळ ऋतुचर्येत पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शरद ऋतूत चांदणे सेवन करावे, असे चरकसंहिता व अष्टांगहृदय हे दोन्ही ग्रंथ सांगतात, याविषयी वाद नाही. वर्षाऋतूत संचित झालेले पित्त शरदाच्या प्रखर उन्हाने प्रकुपित होते; त्यासाठी तिक्त घृत, विरेचन व रक्तमोक्षण सांगितले आणि विहार म्हणून चंद्रकिरणांची योजना केली. परंतु वेळ कोणती? चरक ‘प्रदोष’ म्हणतात, वाग्भट ‘रजनीमुख’. दोहोंचा अर्थ रात्रीचा आरंभ. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवत असल्याने त्या वेळी चांदणे मिळते आणि दव अद्याप पडू लागलेले नसते. येथेच मुख्य मुद्दा आहे. याच ऋतुचर्येत शरदात वर्ज्य करावयाच्या गोष्टींची यादी आहे. तीत दिवास्वाप, दधि व क्षार यांच्याबरोबर दव आणि पूर्वेचा वारा स्पष्टपणे सांगितले आहेत. वाग्भटांनी सौहित्य, म्हणजे पोट तुडुंब भरेपर्यंत खाणे, हेही निषिद्ध मानले आहे. मध्यरात्री गच्चीवर बसून मसाल्याचे आटीव दूध दोन-तीन पेले रिचविणे हा उत्सव म्हणून आनंदाचा भाग खरा. त्यास ऋतुचर्या म्हणता येणार नाही.

हंसोदकाची कल्पनाही या संदर्भात लक्षात घ्यावी. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवविलेले, कालाने परिपक्व झालेले आणि अगस्त्योदयाने निर्विष झालेले जल ते हंसोदक. अगस्त्य हा रात्रीच्या आकाशातील व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा. महाराष्ट्रातून तो दक्षिण क्षितिजापासून फार वर येत नाही; पुण्याहून जास्तीत जास्त एकोणीस अंश, तर नागपुराहून सोळा. ऑगस्टच्या उत्तरार्धात तो पहाटे दिसू लागतो, म्हणजे पावसाचा भर ओसरण्याच्या आणि नद्यांचा गाळ खाली बसू लागण्याच्या सुमारास. आमच्या मते ग्रंथकारांनी ताऱ्याच्या रूपाने ऋतूची खूण सांगितली आहे. पारदर्शक बाटलीतील स्वच्छ पाणी सहा तास कडक उन्हात ठेवून जंतुरहित करण्याची रीत आज अनेक देशांत वापरली जाते. ती पाहता ‘दिवसा सूर्याने तापलेले’ हा अंशही निरर्थक वाटत नाही.

आता चंद्राविषयी. पौर्णिमेचे चांदणे म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच असून तो सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लक्षांश इतका मंद असतो. त्याने दूध निवत नाही आणि तापतही नाही. शरदातील निरभ्र रात्री पृथ्वीची उष्णता आकाशात निघून जाते, म्हणून उघड्यावरचे भांडे गार होते. अमावास्येसही हेच घडते. ‘शरद पौर्णिमेस चंद्र पृथ्वीच्या सर्वांत निकट येतो’ हे वाक्य हल्ली पत्रकांत छापलेले आढळते. 2024 मध्ये तसे घडले खरे. परंतु 2023 मध्ये सर्वांत निकटची पौर्णिमा श्रावणातील नारळी पौर्णिमा होती, तर 2025 मध्ये कार्तिकातील त्रिपुरी. हा मान दरवर्षी पुढे सरकतो. कोजागरीचे वैशिष्ट्य निराळे आहे: पावसाळी ढग गेलेले असतात आणि आपल्या अक्षांशावर मध्यरात्री चंद्र जवळजवळ माथ्यावर असतो. चांदणे पातेल्यात सरळ उतरते, ते यामुळे. 2023 च्या कोजागरीस मध्यरात्रीनंतर खंडग्रास चंद्रग्रहण आल्याने कित्येक घरी दूध आटवावे की नाही, यावरच चर्चा रंगली होती!

तमकश्वासाच्या रुग्णाची स्थिती मात्र गंभीर आहे. मेघ, शीत, पूर्वेचा वारा आणि श्लेष्मल आहार यांनी तमकश्वास वाढतो, हे चरकांचे निदान आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. प्रतमक-संतमक भेदात शीतोपचाराने उपशय मिळतो. पण शिबिरात रांगेत बसविलेल्या शेकडो रुग्णांपैकी कोणाचा श्वास कोणत्या प्रकारचा, हे पाहतो कोण? जागरण, दव, गार हवा आणि मध्यरात्री क्षीरपान हे सर्व त्याच्या वाट्यास एकाच रात्री येते. त्यातच ‘औषध लागू पडावे म्हणून’ नेहमीचा इनहेलर काही दिवस आधीपासून बंद ठेवण्याचा सल्ला मिळाला असेल, तर पहाटे वेग येऊन प्राणावर बेतू शकते. पिप्पलीसारखे द्रव्य श्वासहर आहेच. परंतु त्याचा उपयोग शोधन, अग्निबल व पथ्य पाहून काही काळ करावयाचा असतो. एका रात्रीच्या मात्रेने तमकश्वास समूळ जातो, असे आपल्या कोणत्याही बृहत्त्रयीत नाही. चरकांनी तर त्यास याप्य म्हटले आहे. नवोत्थित असेल तरच साध्य.

औषधी दुकानदारांस विनंती की, या दिवसांत ‘कोजागरी पुडी’ म्हणून येणारा निनावी माल विक्रीस ठेवू नये. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी सिद्ध केलेल्या औषधास कायद्यात सवलत आहे. दुकानातून विकल्या जाणाऱ्या औषधास ती नाही, तेथे 1945 च्या औषध नियमांतील नियम 161 प्रमाणे घटकद्रव्ये व परवाना क्रमांक यांसह लेबल हवेच. दम्याच्या चूर्णांत स्टेरॉईड मिसळल्याची प्रकरणे देशात वेळोवेळी उघडकीस आली आहेत. असे चूर्ण पहिल्या दिवशी चमत्कार दाखविते, आणि रुग्ण तेच पुन्हा मागू लागतो.

वैद्यबंधूंनी आपल्या श्वासाच्या रुग्णांस नवरात्रातच बोलावून नाडी व श्वासगती तपासावी, चालू औषधे त्यांच्याकडून वदवून घ्यावीत आणि इनहेलर खिशात ठेवण्यास सांगावे. चांदण्याची हौस असल्यास सूर्यास्तानंतर तासभर, अंगावर उबदार वस्त्र घेऊन बसावे. दूध हवेच असेल तर ते थोडे, सुंठ घालून, कोमट आणि रात्री नऊच्या आत घ्यावे.