सुतासारखा सरळ? छे, छे!

शाळेत मी दंगा केला की बाई दरडावायच्या, "थांब, सुतासारखी सरळ करते तुला!" मी लगेच गप्प बसायचे. तेव्हा ठाऊक असतं तर हळूच म्हटलं असतं, "बाई, सूत सरळ नसतंच मुळी. ते पिळलेलं असतं, आणि पिळलेलं असतं म्हणूनच टिकतं." (पुढे काय झालं असतं ते सांगत नाही.)

पटत नाही? मग चला माझ्याबरोबर शेलूबाजारला. वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातलं हे गाव. समृद्धी महामार्गावर नागपूरहून शिर्डीकडे जाताना त्याच्या नावाची पाटी लागते. इकडे आता सोयाबीन आणि तूर जास्त दिसते, पण शेवटी हे वऱ्हाड! कुठे ना कुठे पऱ्हाटी दिसणारच. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाचीला घेऊन मी तिकडे गेले होते. रस्त्याकडेच्या वावरात बोंडं फुटली होती आणि बाया ओटीत कापूस वेचत होत्या.

भाचीने एक बोंड मागून घेतलं. कापूस चिमटीत धरून ओढला, तो अलगद सुटून आला. पुन्हा ओढला, पुन्हा सुटला. "ह्याचा दोरा कसा होतो? हा तर धरूनच राहत नाही!"

शेजारी कापूस वेचणारी आजी हसली. "नुसता ओढू नको पोरी, पीळ दे त्याले."

भाचीने कापूस ओढता ओढता बोटांत पिळला. वीतभर वाकडातिकडा, कुठे जाड कुठे बारीक असा धागा तयार झाला. आता ओढला तर सुटेना! गाठ नाही, गोंद नाही. मग त्याला धरून कोण ठेवतंय?

त्यासाठी एकच तंतू नीट बघू या. सरकीवरचा केस म्हणा हवं तर. लांबी साधारण २५ ते ३० मिलिमीटर, म्हणजे तुमच्या बोटाच्या दोन पेरांएवढीही नाही. पण हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी आहे! आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत, आणि ही एकटी पेशी इंचभर वाढते. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. फूल उमलतं त्याच सुमारास आत कोवळ्या बियांवर हे तंतू फुटायला लागतात. साधारण तीन आठवडे ते लांब होतात. मग लांबी थांबते आणि नळीसारख्या तंतूच्या आतून सेल्युलोजचे थर चढत जातात. एकेका सरकीवर असे हजारो तंतू असतात.

आणि मग बोंड फुटतं. ऊन लागतं, तंतूतलं पाणी सुकतं. हवा गेलेली सायकलची ट्यूब कशी चपटी होते, तशी ही नळी चपटी होते आणि सुकता सुकता स्वतःभोवती वळते. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो. गंमत म्हणजे सगळे वेढे एकाच बाजूला नसतात. थोडे उजवीकडे, मग थोडे डावीकडे. म्हणजे आपण पीळ देण्याआधीच पऱ्हाटीने आपला पीळ देऊन ठेवलेला असतो! असे वळलेले तंतू एकमेकांत छान अडकतात.

त्यावर आपण दुसरा पीळ देतो. धागा ओढला की पिळातले तंतू एकमेकांवर आणखी दाबले जातात. दाब वाढला की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की तंतू घसरत नाहीत. जितकं ओढावं तितकी पकड घट्ट. चावट कारभार आहे नाही? (फार ओढलं तर तुटतो, हे खरं.)

आता हाच धागा ताणून आणखी पिळा आणि मधोमध दुमडून सोडा. तो आपोआप स्वतःभोवती गुंडाळला जातो, उलट्या दिशेने. सुटू पाहणारे दोन पीळ एकमेकांना अडवून बसतात. पोळ्याला बैलांसाठी दोर वळणारे हात हेच करतात.

दोर जाड असतो; कापडासाठी मात्र बारीक सूत लागतं, उदाहरणार्थ ४० नंबरचं. ते इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये जवळजवळ ६८ मीटर मावतं. क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तरी थोडं उरेल!

पण सूत कातण्याआधी सरकी काढायला हवी. तिला कापूस असा घट्ट चिकटलेला असतो की हाताने काढताना बोटं दुखतात. यावरचा उपाय अजिंठ्याच्या लेण्यांत रंगवलेला आहे. ५व्या शतकातल्या तिथल्या चित्रांत सरकी काढण्याचं साधं यंत्र अभ्यासकांनी ओळखलं आहे. पोळपाट-लाटण्याचाच प्रकार म्हणा ना! सपाट फळीवर किंवा दगडावर कापूस ठेवायचा आणि त्यावरून दांडी फिरवायची. सरकी सुटून कापसापासून वेगळी होते. आणि अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली ती वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात. त्याची राजधानी कुठे होती? वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम!

गावात आलो तर एक शिंपीकाका मशीन चालवत होते. भाची खाली वाकून बघत बसली. मशीनच्या सुईचं नेढं टोकाला असतं, बघितलंय कधी? सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते आणि किंचित वर उचलली जाते. पण दोरा कापडाला अडतो, तिच्याबरोबर लगेच वर येत नाही. सुईमागे त्याचा इवलासा फास उरतो. तेवढ्यात खालचा आकडा तो फास पकडतो, मोठा करतो आणि अख्ख्या बॉबिनवरून फिरवून आणतो. बॉबिन आपल्या डबीत सैल बसलेली असते म्हणून हे जमतं. वरचा दोरा ओढला गेला की दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. काकांनी सगळं थांबवून, चाक हाताने फिरवून हळूहळू दाखवलं. चांगला माणूस!

तिथेच एक बंजारा आजी आली होती, फेटियाची म्हणजे घागऱ्याची शिवण उसवली म्हणून. याच जिल्ह्यात पोहरादेवी आहे ना, बंजारा समाजाचं मोठं तीर्थ. आजीच्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे चमचमत होते. आता सांगा, आरशाला भोक नाही, मग तो शिवला कसा? आधी त्याच्यावर आडवे-उभे दोरे टाकून चौकट करायची. मग कडेकडेने प्रत्येक टाक्यात ती चौकट धरून बाहेर ओढायची. मध्ये गोल खिडकी उघडते आणि आरसा दोऱ्यांच्या कुशीत बसतो.

भाचीने नंतर घरी चार धागे वळले. तीन तुटले. चौथा तिने मनगटाला बांधलाय आणि आंघोळीच्या वेळीसुद्धा काढत नाही. तिची आई म्हणाली, "भिजून तुटेल गं." मी म्हटलं, तुटायचा नाही. कापसाचं सूत ओलं झालं की उलट जास्तच ताण सोसतं.