पीएचडी भौतिकशास्त्राची, शोध संगणकाच्या आठवणीचा

भौतिकशास्त्रात पीएचडी करताय आणि मन जीवशास्त्रात किंवा कोडिंगमध्येही रमतंय? मग जॉन हॉपफिल्ड यांचं काम समजून घ्या.

1958 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून सैद्धांतिक भौतिकशास्त्रात पीएचडी केली. विषय होता स्फटिक आणि प्रकाश. पुढे ते जीवशास्त्राकडे वळले. मेंदू आठवण कशी ठेवतो, हा प्रश्न सोडवताना त्यांनी चुंबकाच्या भौतिकशास्त्राचा आधार घेतला. चुंबकातला प्रत्येक अणू शेजारच्यांवर परिणाम करतो आणि सगळे मिळून कमी ऊर्जेच्या स्थितीत स्थिरावतात.

यावरून 1982 मध्ये त्यांनी एक न्यूरल नेटवर्क मांडलं. ते कसं चालतं? डोंगरदऱ्यांचा प्रदेश डोळ्यांसमोर आणा. साठवलेला प्रत्येक फोटो म्हणजे एक दरी. अर्धवट, पुसट फोटो दिला, की जणू उतारावर चेंडू सोडला. तो घरंगळत जवळच्या दरीत जातो आणि मूळ फोटो परत मिळतो. अर्थात, याला मर्यादा आहे. 100 न्यूरॉनमध्ये साधारण 14 आठवणी मावतात, त्यापुढे दऱ्या एकमेकींत मिसळून गोंधळ होतो.

2024 मध्ये हॉपफिल्ड यांना जेफ्री हिंटन यांच्यासोबत नोबेल मिळालं, तेही भौतिकशास्त्राचंच. म्हणजे विषय बदलला तरी पीएचडीत शिकलेलं गणित वाया गेलं नाही.