गात नाही, दळतेय

हल्लीच्या मुलांनी जातं पाहिलेलं असतं ते लग्नातल्या हळदीला, नाहीतर एखाद्या हॉटेलच्या दारात शोभेला मांडलेलं. मला आज त्या जात्याविषयीच बोलायचं आहे, पण पिठासाठी नव्हे.

माझे वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. अम्मा रडली नाही. जनाजा उठला तेव्हा नाही, चाळिसाव्यालाही नाही. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, ‘रड गं बाई, मोकळी हो.’ सांगून कुणी रडतं का? त्यानंतर काही दिवसांनी एका पहाटे घरघरीनं मला जाग आली. गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला होता, घरात दळायची काही निकड नव्हती. अम्मा अंधारात एकटीच हरभरे भरडत बसली होती आणि हलक्या आवाजात ओवी म्हणत होती. ओवी मराठीच. शेजारणींबरोबर एकाच खुंट्याला हात लावून ती लहानाची मोठी झालेली. माहेर झालं, भाऊ झाला, मग कुणाचंही नाव न घेता ती कुणाशी तरी बोलायला लागली. आवाज फाटला, पण हात थांबला नाही. चुलते उठून आले, म्हणाले, ‘मयताचं घर आहे, गाणं कसलं?’ अम्मा म्हणाली, ‘गात नाही, दळतेय.’

या उत्तराचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. जात्यावरची बाई खरोखरच गात नसते. समोर श्रोता नसतो, सूर चुकला म्हणून कुणी हसत नाही. एक हात खुंट्यावर, दुसरा मूठमूठ वैरण घालणारा. पाठ, खांदे, दंड सगळे एका फेऱ्यात गुंतलेले. त्या फेऱ्याला ओळ बांधलेली असते, आणि ओळीला श्वास. पहिली ओळ ती दोनदा-तीनदा घोळवते, मध्ये ‘गं बाई’ची भर घालते. कवी म्हणून मला ती युक्ती ओळखू येते. घोळवण्याच्या त्या अवधीत मन दुसरी ओळ शोधत असतं. ताल सांभाळायचं काम हातानं घेतलेलं असतं, म्हणून मन मोकळं फिरतं आणि जिथं जायला एरवी धजत नाही तिथं जाऊन येतं.

यात गूढ काही नाही. दुःख दाबलं की माणूस नकळत श्वास धरतो, खांदे आखडतो. ओवी म्हणताना श्वास लांबवून सोडावाच लागतो. असा सावकाश सोडलेला श्वास हृदयाचे ठोके संथ करतो, हे आता वैद्यकही सांगतं. खांदे तर जातंच सोडवून घेतं. हुंदका आणि गाणं, दोघांनाही वाट एकच असते.

आणि सोय केवढी! पहिल्या ओव्या देवाच्या. जनीबरोबर विठ्ठल दळू लागला, ही कथा तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. देवाचं झालं की माहेरचं, लेकराचं, मग हळूच सासूचं, नवऱ्याचं. दिवसा ज्या शब्दाला मार पडला असता, तो पहाटे ओवीत चालून जायचा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर २०१७पासून त्या ऐकायला मिळू लागल्या. ज्यांना रस आहे त्यांनी जरूर ऐकाव्यात. नुसत्या वाचू नयेत, वाचताना जात्याची घरघर हरवते.

दख्खनच्या सूफींनाही ही जागा बरोबर सापडली होती. सतराव्या-अठराव्या शतकात विजापूरच्या परिसरात त्यांच्या परंपरेतून ‘चक्कीनामे’ रचले गेले. बायकांनी दळताना म्हणायची दख्खनी भाषेतली गाणी ती. त्यांत जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावाचं पहिलं अक्षर. मोठमोठे ग्रंथ वाचू न शकणाऱ्या बाईच्या मुठीतच त्यांनी ते अक्षर दिलं. एकीकडे जनीचा विठ्ठल, दुसरीकडे हा अलिफ, आणि दगड तोच. मला याचं नवल वाटत नाही, मी त्याच घरात वाढलो.

मात्र जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. अंधारात उठून, कधी पोटुशी असताना, कधी अंगात ताप असताना बायांनी ते ओढलं. गिरणी आली तेव्हा त्या सुटल्या, अम्माही सुटली. ते बरंच झालं. फक्त जात्याबरोबर ती हक्काची एकांताची वेळही घरातून गेली आणि तिच्या जागी काय ठेवायचं हे कुणी पाहिलं नाही.

आता शहरांत शिबिरं भरतात. डोळे मिटून, संगीत लावून, अंग हवं तसं हलू द्यायचं. काही जण हसतात, मी हसत नाही. गरज जुनीच आहे. पण शिबिराची फी न भरताही हे जमतं. कणीक मळताना, झाडू मारताना, रोजच्या फिरण्यात, पावलाशी एखादी ओळ जुळवा. गळा चांगला नसेल तर उत्तमच, ऐकायला कुणी थांबणार नाही. गाणं आनंदीच हवं असंही नाही. मन खिन्न असताना उडत्या चालीचं गाणं लावणं हे मला पाहुण्याला दारातूनच परत पाठवण्यासारखं वाटतं. आधी त्याच्या चालीनं चालावं, चाल मग आपोआप बदलते. झोपच उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर मात्र ओवीवर विसंबू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

अम्माचं जातं आता माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत आहे. खुंटा मोडला होता, सुताराकडून बाभळीचा नवा बसवून घेतला. मला ओव्या येत नाहीत, मी जुन्या सिनेमातलं काहीतरी गुणगुणतो आणि तेही बेसूर. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा विचारलं, घरात मशीन कसलं चालतं? हरभऱ्याची डाळ घालतो, पीठ जाडसर पडतं. बायको कुरकुरत त्याचं पिठलं करते.