राजाश्रय संपला, महाविद्यालय उभे राहिले

वेरूळच्या कैलास लेण्याच्या दक्षिण बाजूस रामायणातील प्रसंगांचा शिल्पपट आहे. वाली आणि सुग्रीव यांचे द्वंद्वही त्यात कोरलेले आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या आश्रयाने आठव्या शतकात हे लेणे साकारले. या भूमीला मल्लयुद्धाची ओळख किती जुनी आहे, याची ही पाषाणातील साक्ष. आणि मोठी कामे राजाश्रयावर उभी राहत, याचीही. पुढे कित्येक शतकांनी कोल्हापूरच्या तालमी अशाच आश्रयावर पोसल्या गेल्या. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान त्याची आजही आठवण देते. मात्र संस्थाने विलीन झाल्यावर मल्लाचा खर्च कोणी उचलायचा? या प्रश्नाला एका महाविद्यालयीन खेळाडूच्या कारकिर्दीने दिलेले उत्तर आजही विचार करायला लावणारे आहे. तो खेळाडू म्हणजे खाशाबा जाधव.

महाविद्यालयातील प्रवेश

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. कराडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. लहान चणीमुळे क्रीडाशिक्षकांनी त्यांना प्रथम स्पर्धेतच घेतले नाही. त्यांनी प्राचार्यांकडे दाद मागितली, परवानगी मिळाली आणि आपल्याहून धिप्पाड मल्लांना चीत करून त्यांनी ती सार्थ ठरवली.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला जाण्याचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटवरील कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम नवखे होते. अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन लाभले आणि फ्लायवेट गटात खाशाबांनी सहावे स्थान मिळवले.

सात हजारांचे कर्ज

त्यानंतरच्या चार वर्षांत परिस्थिती बदलली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची वेळ आली, तेव्हा कोल्हापूरच्या दरबाराचा पूर्वीचा आधार उरला नव्हता आणि नव्या शासनाकडे खेळाडूंसाठी ठोस व्यवस्था नव्हती. निवडीसाठी खाशाबांना पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली. राज्य सरकारकडे मागितलेले साहाय्य वेळेत मिळाले नाही. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. तरीही रक्कम अपुरी पडली, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेल्या खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. त्यानंतर जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयॉव्ह यांच्याशी त्यांना जवळजवळ लागोपाठ लढावे लागले. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो दाखवून देण्यासाठी भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. इशींना सुवर्ण, मम्मदबेयॉव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते.

कराड ते गोळेश्वर या छोट्या अंतरात १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत जिंकून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचे कर्ज फेडले.

अमेरिकेतील चित्र

याच्या शेजारी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलची व्यवस्था ठेवून पाहिली, की फरक लक्षात येतो. तेथील फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाच्या चढाईचा सूत्रधार. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. तो कोणाकडे फेकायचा, कोणाला घेऊन धावू द्यायचे की स्वतःच मुसंडी मारायची, याचा निर्णय त्याला काही क्षणांत घ्यावा लागतो. अव्वल महाविद्यालये अशा खेळाडूला शालेय वयातच हेरतात. शुल्क, निवास, प्रशिक्षण आणि उपचार यांचा भार उचलणारी शिष्यवृत्ती त्याला मिळते. पुढे व्यावसायिक संघ निवडप्रक्रियेतून त्याला घेतात. ही प्रक्रिया १९३६ पासून चालत आली आहे. २०२१ पासून आपल्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापरातून उत्पन्न मिळवण्याची मुभाही या खेळाडूंना मिळाली. या व्यवस्थेतही दोष आहेत. दुखापतीने कारकीर्द अर्ध्यावर संपते आणि असंख्य महाविद्यालयीन खेळाडूंतून मोजकेच व्यावसायिक होतात. तरीही खेळाडूच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्यांना घर गहाण टाकावे लागत नाही.

पदकानंतर

खाशाबा १९५५ मध्ये मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८४ मध्ये रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, पदकानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

दुसऱ्या वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी भारताला १९९६ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी अटलांटात लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य मिळवले. महाराष्ट्राची प्रतीक्षा त्याहून दीर्घ ठरली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकले, तेव्हा ७२ वर्षे लोटली होती. कुसाळेही कोल्हापूर जिल्ह्यातलेच. मात्र त्यांच्यामागे राज्य शासनाची क्रीडाप्रबोधिनी होती आणि रेल्वेची नोकरी होती. खाशाबांच्या काळातील उणीव काही अंशी भरून निघाल्याचे हे लक्षण मानता येईल.

काही अंशीच, कारण प्रबोधिनीत निवड होणारे थोडे. वेरूळसारख्या गावातून शहरातील महाविद्यालयात येणाऱ्या बाकीच्या गुणी मुलामुलींना पहिले मैदान मिळते ते महाविद्यालयाचेच. तेथे क्रीडाशिक्षक असेल, मॅट असेल आणि प्रवासखर्चाची तरतूद असेल, तर गुण पुढे येतो. कैलास लेणे पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे, कारण ते कोरणाऱ्या हातांमागे राज्याचे बळ होते. खाशाबांच्या पदकामागे एका गृहस्थाचे घर होते. असा गृहस्थ प्रत्येक खेळाडूला भेटेलच, या भरवशावर कोणतेही क्रीडाधोरण आखता येत नाही.