थांबण्याचे शिक्षण



विमानविद्येवर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांस नवल वाटेल. आम्ही वैमानिक नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण फाटकावरच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु आमच्या संघटनेतील एका फिटरचा मुलगा विमान चालवावयास शिकतो. त्याने आपल्या सहाव्या पाठाची हकीकत सांगितली, तेव्हापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचीत आलो. त्यातून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

शिकाऊ विमानात दोन आसने शेजारी शेजारी असतात. डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे शिक्षक; चालवण्याची साधने दोघांपुढेही. त्या दिवशी मुलाने इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि विमान धावपट्टीवर धावू लागले. अशा वेळी तीन गोष्टी पाहून मोठ्याने बोलावयाच्या असतात. इंजिनाचे फेरे पुरेसे आहेत, तेलाचा दाब ठीक आहे, आणि वेगाचा काटा हलू लागला आहे. पहिल्या दोन ठीक होत्या. काटा मात्र शून्यावरच होता. मुलाच्या मनात आले की आपलेच काही चुकत असेल. एवढा अनुभवी माणूस शेजारी आहे, त्याला दिसले नसते काय? तरीही तो म्हणाला, "सर, स्पीड येत नाही."

"कंट्रोल माझ्याकडे," शिक्षक म्हणाले. अशा वेळी हे शब्द स्पष्ट उच्चारावेच लागतात, नाहीतर दोघे दोन दिशांना ओढतील. त्यांनी इंजिनाचा जोर काढून घेतला, पायांनी विमान सरळ धरले, बेताने ब्रेक लावले, मनोऱ्याला कळवले आणि धावपट्टी मोकळी केली.

आता हा काटा चालतो कशावर? मोटारीत तो चाकांच्या फेऱ्यांवर चालतो. हवेत चाकांचा उपयोग नाही. म्हणून पंखाखाली, पुढे तोंड केलेली एक बारीक नळी असते. १७३२ साली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने सीन नदीच्या प्रवाहाचा वेग अशा नळीने मोजला. त्याच्याच नावावरून तिला पिटो नळी म्हणतात. समोरची हवा नळीत दाबली जाते. भोवतालच्या स्थिर हवेचा दाब दुसऱ्या एका छिद्रातून घेतात. या दोन दाबांतील फरकावर काटा हलतो. त्या विमानाच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. उड्डाणापूर्वी दोघांनीही विमानाभोवती फिरून नळी पाहिली होती. पण झाकण काढले आहे एवढेच पाहिले, तोंडात कोणी डोकावले नाही.

काटा नसला तर काय बिघडले? सेसना १७२ सारखे लहान विमान सुमारे ५५ नॉट, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर वेग आला की जमीन सोडावयास तयार होते. वेग कमी असता नाक जास्त उचलले, तर पंख विमानाला पेलू शकत नाहीत. दुसरा धोका याहून मोठा आहे. पूर्ण बुजलेल्या नळीत जुना दाब कोंडून राहतो. विमान चढते तसा बाहेरचा दाब घटतो, फरक वाढतो, आणि निजलेला काटा जागा होऊन भलताच वेग सांगू लागतो. बंद साधनापेक्षा खोटे बोलणारे साधन अधिक घातक.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पोर्तो प्लाता येथे एका तुर्की कंपनीचे बोइंग ७५७ रात्री उड्डाण करीत होते. आपला काटा चालत नाही, हे मुख्य वैमानिकास चाके जमिनीवर असतानाच कळले. सहवैमानिकाचा काटा चालू होता. त्याच्या भरवशावर ते निघाले. वर गेल्यावर मुख्य वैमानिकाचा काटा फार मोठा वेग दाखवू लागला, आणि त्याच काट्यावर चालणाऱ्या स्वयंचालक यंत्रणेने नाक वर उचलले. खरा वेग घटत गेला आणि विमान समुद्रात कोसळले. १८९ माणसे गेली. एकही वाचले नाही. नळी बुजली असावी, बहुधा कीटकांमुळे, असे तपास करणाऱ्यांचे मत पडले. धावपट्टीवर असताना थांबणे शक्य होते. थांबा हा शब्द कोणी उच्चारला नाही.

धावत्या विमानात विचार करावयास सवड नसते. म्हणून शिकवणारे सांगतात की निर्णय निघण्यापूर्वी करा, आणि तो मोठ्याने बोला. धावपट्टी शिल्लक असताना इंजिनात वा काट्यात दोष दिसला, तर थांबावयाचे. दोष चाके सुटल्यावर कळला, तर इंजिनाचा ठराविक जोर आणि नाकाची ठराविक उंची सांभाळून एक फेरी घ्यावयाची आणि उतरावयाचे. चाके सुटताना दरवाजा उघडला, तर आवाजाला न घाबरता उडत राहावयाचे; दरवाजा ओढण्याच्या नादात विमान हातचे जाते. आणि थोड्याच उंचीवर इंजिन बंद पडले, तर ताबडतोब नाक खाली करून समोरच उतरावयाचे. मागे वळण्याचा मोह जीवघेणा, कारण वळताना उंची झपाट्याने जाते.

आता आमची गोष्ट सांगतो. तरुणपणी आम्ही एका कारखान्यात पॉवर प्रेसवर हेल्पर होतो. कामाच्या तिसऱ्या दिवशी प्रेसचा आवाज बदललेला आम्हांस ऐकू आला. पुढे उस्ताद, मागे सुपरवायझर, आणि माल पुरा करण्याची घाई. आपण नवे, आपल्याला काय कळते, असे म्हणून गप्प राहिलो. पाळी संपण्यापूर्वी पेडल न दाबता प्रेस खाली आली आणि उस्तादांची दोन बोटे गेली. त्यानंतर मालकांस दिलेल्या प्रत्येक मागणीपत्रात मशीन थांबवण्याच्या हक्काचे कलम आम्ही घालीत आलो.

पण कलमाने तोंड उघडत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. मग सहाव्या पाठाच्या मुलाचे तोंड कसे उघडले? आम्ही त्यास विचारले. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी सरांनी सांगितले होते, "तू थांबा म्हणालास की आधी थांबू, कारण मागून विचारू. चुकलास तरी रागावणार नाही." त्या दिवसाचा पाठ बुडाला, सरांनी त्यास नळीपाशी नेऊन मातीचे घर दाखवले, एवढेच.

आपल्या हाताखाली कोणी नवा माणूस असेल, दुकानात, दवाखान्यात वा कारखान्यात, तर उद्या काम सुरू होण्यापूर्वी त्यास हे एक वाक्य सांगावे. आम्हांस ते कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते, तर त्या दिवशी आम्ही बोललो असतो, असे आम्हांस अजूनही वाटते.